इलन पाइप्स: नवशिक्याने सुरुवात कशी करावी?

इलन पाइप्स म्हणजे आयर्लंडची भात्यावर चालणारी बॅगपाइप. दिल्लीच्या बीटिंग रिट्रीटमध्ये लष्करी बँड जी बॅगपाइप वाजवतात ती स्कॉटिश पद्धतीची. ती उभ्याने, तोंडाने फुंकून वाजवतात. तिच्यावर नऊ स्वर निघतात आणि एकदा सुरू झालेला नाद मध्ये तोडता येत नाही. आयरिश पाइप्स बसून वाजवतात. उजव्या कोपराखाली छोटा भाता पट्ट्यांनी बांधलेला असतो. कोपर दाबले की भात्यातली हवा नळीवाटे डाव्या काखेतल्या पिशवीत जाते आणि पिशवीवरच्या दाबाने पुढे स्वरनळ्यांत शिरते. वादकाचा श्वास वाद्यात जात नसल्याने रीडला ओलावा लागत नाही. आवाज बैठकीच्या खोलीत ऐकावा इतका मृदू असतो आणि पल्ला दोन सप्तकांचा.

पूर्ण वाद्याचे तीन थर असतात. पहिला थर चँटरचा. ही मुख्य स्वरनळी आतून निमुळती असते, तिच्यात दुहेरी पात्यांचे रीड असते आणि समोर सात, मागे एक अशी आठ छिद्रे असतात. दुसरा थर तीन ड्रोनचा. या नळ्या एकच स्वर सतत धरतात. टेनर ड्रोन चँटरच्या सर्वांत खालच्या स्वरावर, बॅरिटोन त्याच्या एक सप्तक खाली आणि बेस दोन सप्तके खाली. तिसरा थर तीन रेग्युलेटरचा. यांच्या चाव्या एरवी बंद असतात. उजव्या मनगटाच्या कडेने त्या दाबल्या की सुरावट चालू असतानाच स्वरसंगती उमटते. भाता, पिशवी आणि चँटर एवढ्यालाच सराव-संच म्हणतात. त्यात ड्रोन आले की अर्धा संच आणि रेग्युलेटर आले की पूर्ण संच.

हे रूप अठराव्या शतकात घडत गेले. ओ'फॅरेल नावाच्या वादकाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सुरावटींच्या संग्रहाबरोबर शिकणाऱ्यांसाठी सूचनाही छापल्या. 1845 नंतरच्या दुष्काळाने आणि स्थलांतराने आयर्लंडची गावे रिकामी झाली, तसे वादकही विरळ होत गेले. 1968 मध्ये 'ना पीबरी इलन' ही पाइप वादकांची संस्था स्थापन झाली तेव्हा वादकांची संख्या शंभराच्या आत आली होती. आज डब्लिनच्या हेन्रिएटा स्ट्रीटवर या संस्थेचे घर आहे, जगभर तिचे विद्यार्थी आहेत, आणि 2017 मध्ये युनेस्कोने ही वादनकला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या प्रातिनिधिक यादीत घेतली.

आयर्लंडमध्ये म्हणतात की पाइपर घडायला एकवीस वर्षे लागतात: सात शिकण्याची, सात सरावाची, सात वादनाची. ही वर्षे कोणत्या क्रमाने खर्चावीत याबद्दल मात्र शिक्षकांत एकमत नाही. एका पक्षाच्या मते एका वेळी एकच गोष्ट पक्की करावी. दुसऱ्याच्या मते हे वाद्य तुकड्यांत शिकले तर त्याचे मर्म हाती लागत नाही. या दोन भूमिकांना पुढे क्रमवादी आणि समग्रवादी असे म्हटले आहे.

टिन व्हिसल आधी की थेट पाइप्स?

क्रमवादी: पाइप्सला हात लावण्याआधी विद्यार्थ्याने वर्षभर तरी टिन व्हिसल वाजवावी. ती स्वस्त असते, खिशात मावते. डी स्वराची व्हिसल आणि पाइप्सचा चँटर यांचा स्वरसमूह एकच, आणि दोन्हींत दोन सप्तकं मिळतात. जिग, रील, हॉर्नपाइप या नृत्यचाली आधी कानात आणि बोटांत बसल्या, की नंतर फक्त वाद्याशी झुंजायचं उरतं. पाइपर विली क्लॅन्सी लहानपणी व्हिसल शिकला आणि पाइप्स त्याच्या हाती विशीच्या उंबरठ्यावर आल्या. त्याचं नुकसान झालं असं कोणी म्हणणार नाही.

समग्रवादी: चाली कानात बसतात हे मान्य. पण बोटांची सवय चुकीची लागते. व्हिसलची छिद्रं बोटांच्या टोकांनी झाकतात. चँटरवर बोटं सरळ, आडवी ठेवावी लागतात आणि बऱ्याच छिद्रांवर मधलं पेर येतं. व्हिसलवर खालून वर जाताना एकेक बोट उचलत जायचं असतं. चँटरवर बहुतेक स्वरांना लागतील तेवढीच बोटं उघडतात आणि बाकीची बंदच राहतात. व्हिसलवर पटाईत झालेला विद्यार्थी चँटर हाती घेतो तेव्हा बोटं आपोआप वळतात, टोकांवर येतात आणि हवा निसटते. ती सवय मोडायलाच कित्येक महिने जातात.

क्रमवादी: म्हणून मी वर्षभर म्हटलं, दहा वर्षं नव्हे. चालच ठाऊक नसेल तर विद्यार्थ्याला आपला स्वर चुकला हे कळणार तरी कसं?

समग्रवादी: चाली ठाऊक असायलाच हव्यात. त्यासाठी गाणं आहे, ऐकणं आहे. व्हिसल वाजवत असेल तर वाजवू द्या, पण चँटर हाती आल्याच्या दिवसापासून पकड वेगळी शिकवा.

हवा

सराव-संच घेऊन बसलेल्या विद्यार्थ्यापुढे पहिला प्रश्न हवेचा असतो. उजवे कोपर भात्यात हवा घेते आणि सोडते. डावा दंड पिशवीवर सतत दाब ठेवतो. भाता उघडून हवा आत घेत असताना पिशवीत नवी हवा येत नसते. तेवढा वेळ सगळा भार डाव्या दंडावर असतो.

क्रमवादी: इथे घाई करणारा पुढे कायम अडतो. चँटरवर डाव्या हाताचा एकच स्वर धरावा, ए किंवा जी. उजवा हात मोकळा ठेवून फक्त भाता चालवावा. समोर ट्यूनर ठेवावा. भाता उघडला की काटा खाली घसरतो आणि भाता दाबला की वर उडी मारतो. काटा जागचा हलेनासा होईपर्यंत दुसरं काही करायचं नाही. भात्याचे झटके लांब आणि शांत हवेत. नवशिका घाबरून भराभर पंप मारतो, पिशवी टम्म फुगते आणि डाव्या हाताला काही करताच येत नाही.

समग्रवादी: हा व्यायाम उत्तम आहे, पण त्यावर महिने घालवले तर विद्यार्थी कंटाळून वाद्य कपाटात ठेवतो. शिवाय दाब नुसता स्थिर ठेवून भागत नाही, तो बदलायलाही लागतो. दुसऱ्या सप्तकाला पहिल्यापेक्षा जास्त दाब हवा. वरच्या स्वरावर जाताना क्षणभर चँटरचं टोक मांडीवर टेकवून सगळी छिद्रं बंद करायची, त्याच क्षणी पिशवी किंचित आवळायची आणि मग हवा तो स्वर उघडायचा. दाब कमी पडला तर वरचा स्वर खालीच कोसळतो. खालच्या सप्तकात दाब जास्त झाला तर स्वर आपोआप वर उडतो आणि सगळ्यांत खालचा डी गुरगुरतो. एका स्वरावर बसून राहिलेल्याला हे कळत नाही. चालीतूनच कळतं.

क्रमवादी: स्थिर दाब म्हणजे काय हे ज्याच्या दंडाला कळलेलं नाही, त्याला बदललेला दाब कसा कळेल?

समग्रवादी: दोन्ही एकाच बैठकीत करू द्या. पहिली दहा मिनिटं एक स्वर, नंतर दोन ओळींची साधी चाल. व्यायाम रोजचा असू द्या, पण दिवस त्याच्यावर संपू नये.

बोटे

चँटरवर आवाज मध्येच तोडता येतो, आणि ही गोष्ट इतर बहुतेक बॅगपाइपमध्ये नसते. चँटर मांडीवर टेकवला की त्याचे खालचे तोंड बंद होते. त्या जागी मांडीवर चामड्याचा एक तुकडा ठेवतात, म्हणजे हवा निसटत नाही. वरून सगळी छिद्रे झाकली तर चँटर गप्प होतो. म्हणून दोन स्वरांमध्ये नेमकी शांतता ठेवता येते. चँटर मांडीवरून उचलला की स्वर मोठा, मोकळा होतो आणि सर्वांत खालचा डी उमटतो.

या शक्यतेतून दोन शैली निघाल्या. बांधीव शैलीत प्रत्येक स्वरानंतर बोटे बंद होतात आणि स्वर तुटक, टोकदार येतात. मोकळ्या शैलीत स्वर एकमेकांत वाहत जातात. गॅलवेत जन्मलेल्या आणि अमेरिकेत नाव कमावलेल्या पॅट्सी टूही (1865-1923) याचे बांधीव वादन मेणाच्या सिलिंडरवर जपले गेले आहे. जत्राजत्रांतून हिंडणाऱ्या फिरस्त्या समाजातला जॉनी डोरन मोकळ्या शैलीचा मोठा वादक. 1947 मध्ये आयरिश लोकसाहित्य आयोगाने त्याचे ध्वनिमुद्रण केले आणि 1950 मध्ये त्याचे निधन झाले.

क्रमवादी: नवशिक्याला बांधीव शैली आधी शिकवावी. बोटं मिटायला शिकली की उघडणं सोपं जातं. मोकळ्या हाताला शिस्त लावणं फार कठीण.

समग्रवादी: दोन्ही ऐकल्याशिवाय विद्यार्थ्याला आपण कशासाठी बोटं मिटतो हेच समजत नाही. शेमस एनिसचं वादन ऐका. एकाच चालीत तो तुटक तिहेरी स्वर घेतो आणि पुढच्याच ओळीत चँटर उचलून स्वर मोकळा सोडतो. शैली हे त्याचं साधन आहे, पिंजरा नाही.

क्रमवादी: एनिस तिथवर आयुष्यभराच्या वादनानंतर पोचला. शिकणाऱ्याला सुरुवातीला एक रस्ता लागतो.

समग्रवादी: रस्ता एकच असू द्या, पण नकाशा पूर्ण दाखवा.

अलंकारांच्या बाबतीत मतभेद कमी आहेत. कट म्हणजे वरचे बोट क्षणभर उचलून स्वर छेदणे. पॅट म्हणजे खालच्या बोटाने छिद्रावर हलका आघात करणे. या दोन्हींच्या जोडीने रोल बनतो: मूळ स्वर, कट, पुन्हा मूळ स्वर, पॅट आणि पुन्हा मूळ स्वर, हे सगळे जिगच्या तीन मात्रांच्या एका गटात बसते. सर्वांत खालच्या डी स्वरावर रोल करता येत नाही, कारण पॅट मारायला त्याखाली छिद्रच उरत नाही. तिथे क्रॅन घेतात: वेगवेगळी बोटे एकापाठोपाठ झटकन उचलून खालचा स्वर अनेक ठिकाणी छेदायचा. क्रॅन हा पाइप्सचा खास अलंकार आहे. बासरीवादकांनी आणि फिडलवादकांनीही तो पाइप्सवरून उचलला. तो घाईने शिकवू नये, यावर दोन्ही पक्षांचे एकमत आहे. रोलमधले पाचही स्वर संथ लयीत वेगवेगळे ऐकू येईपर्यंत क्रॅनला हात घालण्यात अर्थ नसतो.

ड्रोन कधी?

दोन्ही भूमिकांमधला सर्वांत मोठा वाद इथे आहे.

क्रमवादी: ड्रोन उशिरा जोडावेत. तीन ड्रोनची तीन रीडं हवा खातात. चँटरवरच दाब सांभाळता न येणाऱ्याला ते ओझं होतं. शिवाय प्रत्येक बैठकीत आधी तिन्ही ड्रोन सुरात आणावे लागतात, आणि नवशिक्याचा कान अजून कच्चा असतो. अर्धा तास सूर लावण्यात जातो आणि वाजवायला वेळ उरत नाही.

समग्रवादी: तुमचं म्हणणं नेमकं उलट्या बाजूनं खरं आहे. कान कच्चा आहे म्हणूनच ड्रोन हवेत. आपल्याकडचा गायक तंबोऱ्याशिवाय स्वर लावत नाही, तसंच हे. ड्रोन सुरू असला की चँटरचा एफ शार्प किंवा सी किंचितही चढला तर लगेच टोचतं. नुसत्या चँटरवर दोन वर्षं वाजवणाऱ्याचे स्वर हळूहळू सरकतात आणि त्याला पत्ताही लागत नाही. दाब हलला की ड्रोनही थरथरतो. ट्यूनरचा काटा जे दाखवतो, ते ड्रोन ऐकवतो.

क्रमवादी: हे मला मान्य आहे. पण तीनही एकदम नकोत.

समग्रवादी: तेही मला मान्य आहे. आधी टेनर ड्रोन एकटा जोडावा. चँटरचा खालचा डी आणि टेनर ड्रोन एकाच उंचीचे असतात, म्हणून त्यांचा मेळ ऐकायला सोपा. तो स्थिरावला की बॅरिटोन आणि मग बेस.

क्रमवादी: आणि विद्यार्थ्याने दोन्ही सप्तकांतली एक चाल न अडखळता वाजवल्याशिवाय टेनरही नको.

समग्रवादी: ठीक. त्याला मी हरकत घेणार नाही.

कान, कागद आणि गुरू

क्रमवादी: शिक्षकाशिवाय हे वाद्य शिकू नये. दाबाची आणि पकडीची चूक स्वतःला दिसत नाही. लिओ राउसम (1903-1970) याने डब्लिनच्या म्युनिसिपल स्कूल ऑफ म्युझिकमध्ये दशकानुदशके शिकवलं. चीफटन्स बँडचा पॅडी मलोनी आणि प्लँक्स्टी बँडचा लिअम ओ'फ्लिन हे त्याचेच विद्यार्थी. त्याने शिक्षणपुस्तकही लिहिलं, पण शिकवलं हाताला हात लावून.

समग्रवादी: ओ'फ्लिनचंच उदाहरण माझ्याही बाजूचं आहे. तो राउसमकडे शिकला, एनिसच्या सहवासात राहिला, क्लॅन्सीकडूनही त्याने घेतलं. एका गुरूचा हात धरून तो थांबला नाही. जुनी ध्वनिमुद्रणं ऐकणं हेही गुरू करण्यासारखंच आहे.

क्रमवादी: ऐकायला माझी हरकत नाही. पण कानाने शिकताना विद्यार्थी वेगाकडे धावतो, आणि फ्रान्सिस ओ'नीलच्या 1903 आणि 1907 च्या चालींच्या संग्रहांसारखी पुस्तकं हाताशी असताना स्वरलिपी टाळण्याचं कारण नाही.

समग्रवादी: स्वरलिपीत चालीचा सांगाडा असतो. रोल कुठे, श्वासासारखी थांबण्याची जागा कुठे, तुटक कुठे आणि मोकळं कुठे, हे कागदावर नसतं. आधी कान, मग खात्री करण्यासाठी कागद.

शिक्षक जवळ नसलेल्यांसाठी उन्हाळी शाळा मोठा आधार ठरल्या आहेत. क्लेअर परगण्यातल्या मिलटाउन मॉल्बे या गावी 1973 पासून दर जुलैत विली क्लॅन्सीच्या नावाने शाळा भरते. तिथे एका आठवड्यात विद्यार्थ्याच्या पकडीतले, भात्याच्या चालीतले दोष शिक्षकाच्या नजरेसमोर येतात आणि पुढच्या वर्षभराचा सराव ठरतो.

रीड आणि रेग्युलेटर

रीड हा नवशिक्याच्या निराशेचा सर्वांत नेहमीचा स्रोत आहे. चँटरचे रीड अरुंडो डोनॅक्स या वेताची दोन पाती धातूच्या छोट्या नळीवर मेणाच्या दोऱ्याने बांधून बनवतात. पात्यांवर तांब्याच्या तारेचा किंवा पट्टीचा आवळ असतो. तो दाबून पात्यांमधली फट कमीजास्त करता येते. हवेतला ओलावा बदलला की वेत फुगतो किंवा आकसतो आणि रीड ताठ होते किंवा बोलतच नाही. थंडीत घर तापवल्याने हवा कोरडी पडते, तेव्हा हा त्रास जास्त होतो. म्हणून चँटर हवाबंद पेटीत ओलावा सांभाळून ठेवतात.

क्रमवादी: पहिली काही वर्षं रीडला स्पर्शही करू नये. आवळाला हात लावायचा झाला तर शिक्षकासमोर. चांगल्या कारागिराने जुळवलेलं रीड एका चुकीच्या दाबात जातं.

समग्रवादी: मग हवामान बदललं की विद्यार्थी काय करणार? आवळ केसभर हलवून फरक ऐकणं त्याला पहिल्या वर्षीच यायला हवं. रीड घडवायचं शिक्षण नंतर येऊ द्या, पण रीड जगतं कसं हे लवकर कळायला हवं.

क्रमवादी: हलवताना पूर्वीची जागा लक्षात ठेवायची अट घाला.

समग्रवादी: घातली. आणि पेटीतला ओलावा तपासायची सवयही.

रेग्युलेटरबाबत मात्र समग्रवादीही उशिराची बाजू घेतो. पूर्ण संचात सहसा टेनर रेग्युलेटरवर पाच, बॅरिटोनवर चार आणि बेसवर चार चाव्या असतात. उजव्या हाताची बोटे चँटरवर गुंतलेली असताना त्याच हाताच्या कडेने चाव्या दाबायच्या असतात, आणि तेही लयीत. चँटर आणि ड्रोन मनातून आणि हातातून पक्के झाल्याशिवाय रेग्युलेटर जोडले तर सुरावट ढासळते. राउसमचे वादन रेग्युलेटरच्या लयदार स्वरसंगतींसाठी प्रसिद्ध आहे, आणि त्याच्या घराण्यात तीन पिढ्यांपासून पाइप्स होत्या. रेग्युलेटर हे शेवटचे पाऊल आहे, यावर वाद नाही.

निष्कर्ष

दोन्ही भूमिका जिथे एकत्र येतात तो क्रम साधारण असा. आधी चांगल्या कारागिराचा, नीट जुळवलेला सराव-संच मिळवावा. स्वस्तातला, न बोलणारा चँटर घेणे ही शिकणाऱ्याची सर्वांत महाग चूक ठरते, कारण स्वर का येत नाही हे त्याला कळतच नाही. नामवंत कारागिरांकडे प्रतीक्षा लांब असते, म्हणून पाइपर क्लबातून उसना संच मिळतो का ते पाहावे. पहिल्या महिन्यापासून रोज थोडा वेळ एक स्वर धरण्याचा व्यायाम करावा आणि त्याच बैठकीत साधी चालही वाजवावी. पकड सरळ बोटांची, पहिल्या दिवसापासून शिक्षकाच्या नजरेखाली असावी. दोन्ही सप्तकांत चाल न अडखळता जमली की टेनर ड्रोन जोडावा, मग बाकीचे दोन. बांधीव आणि मोकळे वादन दोन्ही ऐकावे, हाताने आधी बांधीव शिकावे. रीडशी ओळख लवकर करावी, रेग्युलेटर शेवटी.

पाइप्स शिकणाऱ्याने वर्षे मोजू नयेत, दंडाचा दाब तपासत राहावे. दाब स्थिर झाला की बोटे आणि अलंकार त्याच्यामागून येतात. तो स्थिर नसेल तर कोणतीच शैली आणि कोणताच गुरू उपयोगी पडत नाही.